लहानूचे एकवीस ठिपके

एका गावात एक भोळा ठिपकेवाला होता. ठिपकेवाला हे त्याचं आडनाव नव्हतं, आणि रांगोळीशीही त्याचा काही संबंध नव्हता. नाव लहानू, गाव बोरटेक. गावात नळाचं पाणी यायचं ठरलं, तेव्हा फोन हातात धरून रानोमाळ हिंडणारा एक माणूस हवा होता. लहानूला चालायची सवय होती. शिवाय एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. म्हणून त्याला घेतलं.

कधी विसरत नसे, तिथूनच सगळी पंचाईत झाली.

लहानूचं घर टेकावर. टेकावर एकवीस घरं. विहीर मात्र खाली, मारुतीच्या देवळामागच्या शेतात. देवळापासून वस्तीपर्यंत आठशे पावलं, सगळी चढाची. लहानूच्या बायकोने, हौसाने, ती मोजली होती. डोक्यावर दोन हंडे असले की बाईमाणसाला दुसरं काही करता येत नाही. ती पावलं मोजते.

लहानूला काम लागलं त्या दिवशी हौसा म्हणाली, "अवो, मला लुगडं नको, डोरलं नको. माझ्या ओट्यापाशी नळ पाहिजे. ओट्यावर बसल्या बसल्या हंडा भरला पाहिजे मी."

"भरशील," लहानू म्हणाला. त्याने लक्षात ठेवलं.

कामावर देखरेखीला तालुक्याहून सुनीती मॅडम येत. त्यांनी लहानूच्या हातात फोन दिला आणि समजावलं.

"लहानूभाऊ, हा आपल्या गावाचा नकाशा. हे एकवीस लाल ठिपके म्हणजे टेकावरची एकवीस घरं. जिथे ठिपका, तिथे नळ. काम पुरं झालं की ठिपका हिरवा होतो. हाच नकाशा मलाही दिसतो आणि मोठ्या साहेबांनाही दिसतो. एकवीसच्या एकवीस हिरवे झाले की साहेब काम बंद करणार आणि उरलेले पाइप पुढच्या गावाला नेणार. मग काही चुकलं तरी दुरुस्त करता येणार नाही. तेव्हा जपून."

"जपून," लहानू म्हणाला.

"आणि हा निळा ठिपका म्हणजे तुम्ही. या रेषेवरून सरळ चालत जायचं. निळा ठिपका लाल ठिपक्यावर बसला की पोचलात."

लहानू रेषेवरून सरळ निघाला. रेषा सरपंचांच्या घरावरून जात होती. लहानूने पायातल्या वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि पुढच्या दाराने आत शिरला. सरपंच इंदुमतीबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या.

"ये लहानू, बस. च्या घेतोस का?"

"बसता येत नाही, सरपंचबाई. सरळ चाललोय."

आणि तो चुलीवरून ढांग टाकून, परसात उतरून, मागची भिंत चढून पलीकडे उतरला. पलीकडे उकिरडा होता. तोही रेषेवरच होता.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "अहो, सरळ म्हणजे एवढं सरळ नाही! मध्ये काही आलं की वळसा घालून जायचं."

"आधी सांगायचं ना, मॅडम," लहानू म्हणाला. त्याने लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाइपाची चर खणायची होती. मॅडमनी चुन्याची पाटी दिली आणि सांगितलं, "विहिरीपासून देवळापर्यंत चुन्याची रेघ मारा. मुकादम तिच्यावर चर खणून घेतील."

मुकादमाचं नाव रंभाजी. तो फार शिस्तीचा माणूस. रेघ असेल तिथे खणायचं, नसेल तिथे झोपायचं. लहानूने रेघ मारली, मजुरांनी खणली, आणि दोन दिवसांनी मॅडम बघायला आल्या. चर नदीसारखी वळत वळत गेली होती.

"इथे का वळली?"

"इथं शेळी बसली होती."

"आणि इथे?"

"इथं तिचं करडू."

"आणि हा एवढा मोठा गोल?"

"तिथं रंभाजी मुकादम झोपले होते."

रंभाजी आभाळाकडे बघू लागला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "लहानूभाऊ, शेळी उठून जाते. माणूसही उठतो. कधी ना कधी उठतो. जे हलतं ते हलवायचं. आपली रेघ हलवायची नाही."

"जे हलतं ते हलवायचं," लहानू म्हणाला. त्याने लक्षात ठेवलं.

चर बुजवली, सरळ रेघ मारायला लहानू पुन्हा निघाला. या खेपेला रेघेत शेळी नव्हती. गेनबा आणि कोंडिबा या दोन चुलतभावांच्या बांधावरचा हद्दीचा दगड होता. या दगडावरून दोघं बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. लहानूने दगडाला खांदा लावून बघितला. जड होता, पण हलला.

हलतो म्हटल्यावर त्याने तो चार हात पलीकडे नेऊन ठेवला.

दुपारी कोंडिबा शेतात आला. बघतो तर बांधापलीकडे गेनबा हसतोय. बारा वर्षांत पहिल्यांदा हसत होता. त्यावरूनच कोंडिबाला कळलं की काहीतरी झालंय. मग काठ्या निघाल्या. सगळा गाव जमला. इंदुमतीबाई भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून धावत आल्या.

मॅडमनी नकाशात जुनी जागा बघून दगड होता तिथे बसवला. दोघे भाऊ पुन्हा पूर्वीसारखे सुखाने अबोला धरून बसले.

इंदुमतीबाई मात्र लहानूवर भडकल्या. "अरे, दगड कधी हलवत्यात का? दगड म्हणजे देव! दगड दिसला की देव समजायचं, हात जोडायचे, अन् पुढं व्हायचं."

"दगड म्हणजे देव," लहानू म्हणाला. त्याने लक्षात ठेवलं.

चर देवळापर्यंत पोचली. पाइप पुरला गेला. आता देवळापासून वर टेकापर्यंत पाइप न्यायचा आणि एकवीस नळ बसवायचे, एवढंच राहिलं. वर न्यायचे पाइप देवळाच्या अंगणात रचून ठेवले. हौसा विहिरीवर येता जाता त्या पाइपांना हात लावून बघायची. एकदा तर पदराने धूळही पुसली.

नळ बसवणारे कारागीर परगावचे होते. त्यांना वस्तीत कुठलं घर कुणाचं हे माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "लहानूभाऊ, जिथे जिथे लाल ठिपका आहे, तिथे जमिनीवर एकेक दगड ठेवा आणि त्याला लाल रंग लावा. म्हणजे त्यांना नळाची जागा कळेल."

लहानूने एकवीस दगड आणले. एकवीस दारांपाशी ठेवले. रंगाचा डबा उघडला आणि थांबला. दगड म्हणजे देव. देवाला का कुणी डब्यातला रंग लावतं?

तो दुकानात गेला. शेंदूर आणला, तेलात कालवला आणि एकवीस दगडांना मनोभावे माखला. तोंडं पूर्वेला केली. हात जोडले आणि पुढे झाला.

सकाळी वस्ती उठली, तर दारोदार देव. कुणी फूल वाहिलं, कुणी नारळ फोडला. शेजारच्या ठकूबाईने तर मुलीचं लग्न जमू दे म्हणून नवस बोलला. हौसानेही आपल्या ओट्याजवळच्या देवाला उदबत्ती लावली आणि म्हणाली, "देवा, नळ लवकर येऊ दे."

कारागीर पहारी घेऊन वर आले. त्यांनी पहिला दगड बघितला. पायातल्या वहाणा काढल्या आणि पहारी खाली ठेवल्या.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"देवाच्या डोक्यात पहार घालायची? आमच्याच्यानं नाही व्हायचं, बाई."

मॅडमनी समजूत घातली, हे देव नाहीत, खुणा आहेत. ठकूबाई म्हणाली, "असं कसं? सकाळी नवस बोलले, घटकाभरात पाव्हण्यांचा निरोप आला."

शेवटी देवळातल्या दामूअण्णा गुरवांनी तोड काढली. "देव उघड्यावर बरे नव्हेत. मारुतीच्या अंगणात आणून ठेवा. मी बघतो त्यांच्याकडे."

मॅडमना जिल्ह्याला चार दिवसांच्या शिबिराला जायचं होतं. बस धरायची घाई होती. निघता निघता त्या म्हणाल्या, "लहानूभाऊ, दगड नीट खाली नेऊन ठेवा. मग कारागिरांना कामाला लावा. आणि एक कायमचं लक्षात ठेवा. जमिनीवर काही हलवलं की नकाशावरही हलवायचं. जमीन आणि नकाशा जुळले पाहिजेत."

लहानूने लक्षात ठेवलं.

त्याने एकवीस दगड वाजतगाजत खाली आणले. देवळाच्या अंगणात एका ओळीत मांडले. मग पारावर बसून फोन काढला. नकाशावरच्या एकेका ठिपक्यावर अंगठा ठेवला आणि तो टेकावरून खाली ओढत आणला, हळू, कुठे आपटू नये म्हणून. एकवीस ठिपके देवळाच्या अंगणात एका ओळीत बसले. त्याने जमिनीकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं. तंतोतंत जुळलं होतं.

कारागिरांनी आपापले फोन काढले. त्यांनाही तोच नकाशा दिसत होता. माणसं कामसू होती. जिथे ठिपका तिथे नळ, हे त्यांना पाठ होतं. पाइप देवळापर्यंत आलेलाच होता. चढावर खणायचं वाचलं म्हणून ती खूशही झाली. तीन दिवसांत त्यांनी मारुतीपुढे एका ओळीत एकवीस नळ बसवले, प्रत्येक दगडाच्या शेजारी एक, आणि आपल्या गावी निघून गेली. विहिरीवर येणाऱ्या बायांना वाटलं, नळ आधी खाली जोडून बघतात, मग वर नेतील.

दामूअण्णा गुरव आंघोळ करून आले आणि नळांकडे बघत राहिले.

"लहान्या, एका मारुतीला इतकं पाणी लागतं होय?"

"नकाशात आहे, अण्णा."

नकाशात आहे म्हटल्यावर अण्णांनी पुढे विचारलं नाही. नकाशा सरकारी होता.

त्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला.

"लहानूभाऊ, कारागीर म्हणतात काम झालं. नळ लागले?"

"लागले."

"एकवीसच्या एकवीस?"

"एकवीसच्या एकवीस."

"आणि पाणी?"

"धो धो, मॅडम."

"वा! शिबिरात नकाशा उघडायलाही सवड नव्हती, मी उगाच काळजी करत होते. आता फक्त फोटो राहिले. उद्या साहेब येणार आहेत. नळ, घराचं दार आणि घरातली बाई, तिन्ही एका फोटोत यायला हवीत. त्याशिवाय ठिपका हिरवा होत नाही."

लहानू विचारात पडला. "मॅडम, नळापासून दार जरा लांब पडतंय."

"मग जरा जवळ घ्या. काहीतरी करून बसवा एका फोटोत. पण लागलेला नळ हलवायचा नाही, सांगून ठेवते."

"नाही हलवत," लहानू म्हणाला.

सकाळी तो पारावर बसला आणि एकेक गोष्ट मनाशी लावू लागला. नळ हलवायचा नाही. बाई आपल्या पायाने येईल. राहिलं दार. दार हलतं का? तो आठशे पावलं चढून वर गेला. वस्तीत सामसूम होती. सगळ्या बाया आणि पुरुष कांदे काढायला रानात गेले होते. लहानूने आपल्याच घराच्या दाराला बोट लावलं. दार करकरलं आणि हललं.

जे हलतं ते हलवायचं.

त्याने रंभाजी मुकादमाची बैलगाडी मागितली. रंभाजीने "ने" म्हटलं आणि कूस बदलली.

मग लहानू घरोघर गेला. दार बिजागरीतून काढायचं, गाडीत ठेवायचं, पुढल्या घरी जायचं. ठकूबाईच्या घरी तिचा म्हातारा सासरा एकटाच बाजेवर पडलेला होता. त्याने डोळे किलकिले केले.

"लहानू, दार कुठं नेतोस रं?"

"फोटोला, बाबा."

"असं व्हय. पुसून ने. धूळ हाये."

लहानूने पुसून नेलं.

दुपारपर्यंत देवळाच्या अंगणात एकवीस दारं उभी राहिली. प्रत्येक दार ज्याच्या त्याच्या नळाशी. लाकडी, पत्र्याची, निळी, हिरवी, एक नुसतं तट्ट्याचं. मागून दगडाचा आधार, पुढे नळ. लहानूने लांब जाऊन बघितलं. एकही दार चुकीच्या नळाशी नव्हतं. मग तो पळत रानात गेला आणि बांधावरून ओरडला, "नळाला पाणी आलं! साहेब यायलेत! बायांनी फोटोला चला!"

बाया कांदे टाकून धावल्या. नळ कुठे आहेत हे कुणी विचारलंच नाही. लहानूच्या मागे मागे सगळ्या देवळाच्या अंगणात शिरल्या. एकीने नळ सोडला. खरंच पाणी आलं! मग काय, कुणी तोंड धुतलं, कुणी ओंजळ भरून शेजारणीवर उडवली. लहानू एकेकीला हाताला धरून जागेवर उभी करत होता. "ठकूवहिनी, तुम्ही इथं. हसा." खट्. ठिपका हिरवा. "पुढली." खट्. हिरवा.

वीस फोटो झाले.

ठकूबाईने ओले हात पदराला पुसले आणि टेकायला म्हणून मागे सरकली. पाठीला दार लागलं. तिने वळून बघितलं. दारावर तिच्या नातवाने खडूने काढलेला कोंबडा होता.

"हे दार मी कुठंतरी बघितलंय," ती म्हणाली.

मग तिने कोंबडा नीट बघितला. मग मान वर करून टेकाकडे बघितलं. वर एकवीस घरं आ वासून उभी होती. एका घरातून शेळी बाहेर येत होती. तिच्या तोंडात भाकरी होती.

"अगं बया! माझं दार!"

"अन् हे माझं!"

"लहान्या मुडद्या, माझं दार इथं कसं?"

"फोटोत लागतं," लहानू म्हणाला.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. मागे रिकामा ट्रक, उरलेले पाइप न्यायला. सुनीती मॅडम जीपमधून उतरल्या आणि उतरल्या जागी उभ्या राहिल्या. साहेब उतरले नाहीत. ऊन फार होतं. मांडीवर त्यांचा मोठा नकाशा उघडाच होता.

"छान काम आहे," काचेआडून साहेब म्हणाले. "वीस हिरवे. फक्त एक लाल राहिलाय. तेवढा फोटो घ्या, म्हणजे काम बंद करतो. पुढच्या गावाला जायचंय मला."

मॅडम जीपच्या काचेशी वाकल्या. "साहेब, जरा खाली उतरून बघता का?"

"कशाला? नकाशात सगळं दिसतं. एकवीस दारं, एकवीस नळ. ओळीने लावलेत, बघा किती शिस्तीत." ते ट्रकवाल्याला म्हणाले, "चला, पाइप भरायला घ्या."

ट्रकवाल्याने पाइपाला हात घातला. तो पाइप टेकावर जायचा होता. तो गेला की वस्तीला पुन्हा आठशे पावलं, जन्मभराची.

राहिलेला लाल ठिपका हौसाचा होता. ती सगळ्यांच्या मागे, पाइपांपाशी उभी होती.

लहानू तिला म्हणाला, "हौसा, ये की. तुझाच फोटो राहिला. हे बघ आपलं दार, हा आपला नळ. आता पाणी दारातच भरायचं."

हौसाने दाराकडे बघितलं. नळाकडे बघितलं. ट्रककडे बघितलं. आणि खाली पाइपांवर फतकल मारून बसली.

"मी नाही उभी राहायची."

"अगं, साहेब थांबलेत!"

"थांबू द्या. मी कामाच्या पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. माझ्या ओट्यापाशी नळ पाहिजे. फोटो काढायचा तर मी माझ्या ओट्यावर उभी राहीन. दुसरीकडं नाही."

ठकूबाई येऊन तिच्या शेजारी बसली. मग तिसरी, मग चौथी. बघता बघता पाइप दिसेनासे झाले. ट्रकवाला हात झाडत मागे सरला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. नकाशा बघितला. लाल ठिपका लालच होता. एक जरी लाल असला तरी काम बंद करायचं बटण दाबलं जात नाही. त्यांनी दोनदा दाबून बघितलं.

"मॅडम, हा एक ठिपका काय आहे ते बघून घ्या," ते वैतागून म्हणाले. "तोवर पाइप इथेच राहू देत. पंधरा दिवसांनी येतो." आणि जीप गेली. मागून रिकामा ट्रक गेला.

मॅडमनी इतका मोठा सुस्कारा सोडला की ठकूबाईचं दार पडता पडता राहिलं.

"हौसाबाई, तुम्ही वाचवलंत," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस पुष्कळ झाले. आता ठिपके वर नेते, पाइप वर नेते, नळ तुमच्या ओट्यापाशी आणते. आणि या खेपेला लहानूभाऊंना मी काही म्हणजे काही सांगणार नाही." त्या वळल्या. "कुठे आहेत लहानूभाऊ?"

लहानू अंगणात नव्हता. बैलगाडीही नव्हती. पाराला टेकवून ठेवलेली पहारही नव्हती.

"मघाशी वर गेला," दामूअण्णा गुरव म्हणाले. "पहार कशाला म्हणून विचारलं, तर म्हणतो, हौसा ओट्यावरच उभी राहणार म्हणाली."

टेकावरून आवाज येऊ लागला. ठण्. ठण्. ठण्.

"हे काय वाजतंय?" मॅडमनी विचारलं.

हौसा जागची हलली नाही. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला आणि म्हणाली,

"माझा ओटा. येतोय खाली."